दोन शब्द बोलणाऱ्यांची यादी

लेकीचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी बायकोने एका कागदावर कामांची वाटणी केली. हॉल, जेवण, कपडे, आमंत्रणं, फुलं, फोटो, खुर्च्या, सगळं तिने स्वतःकडे, लेकीकडे आणि आपल्या थोरल्या भावाकडे वाटून टाकलं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी कागद उलटून पाहिला. मागे वाण्याकडून आणायचं सामान होतं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही मध्ये येऊ नका," बायको म्हणाली. हे ती रागाने म्हणाली नाही. काम वाटून देताना जसं म्हणतात तसंच म्हणाली.

लेकीला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "बाबा, रजिस्टर लग्नानंतर रविवारी रिसेप्शन आहे ना, तेव्हा चार जणांनी उठून दोन शब्द बोलावेत असं आम्हा दोघांना वाटतं. कोणी बोलायचं ते तुम्ही ठरवा."

मी हो म्हणालो. चार नावं ठरवायला कितीसा वेळ लागणार? शिवाय पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार शाखेत मी एकतीस वर्षं काढली आहेत. याद्या करणं, त्या वरिष्ठांकडे सादर करणं आणि त्या परत आल्यावर पुन्हा करणं हे माझं रोजचं काम. एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. कार्यालयातल्या यादीतली नावं पाण्याच्या मीटरांची असतात. मीटर रुसत नाही.

आता 'दोन शब्द' याबद्दल दोन शब्द. आमच्या खात्याच्या एका निरोप समारंभात एक अभियंता दोन शब्द बोलायला उठले होते. ते बसेपर्यंत वाढप्यांची पाळी बदलली होती आणि एक निवृत्त कर्मचारी, जो त्या दिवशी सकाळपर्यंत सेवेत होता, घरी जाऊन झोपून परत आला होता. म्हणून मी पहिल्याच दिवशी नियम केला: प्रत्येकी तीन मिनिटं.

त्या रात्रीचं जेवण व्हायच्या आत यादी तयार झाली. पहिल्या ओळीवर मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. ते टाळता येत नाहीत. दुसऱ्या ओळीवर आमच्या ऑफिसचे साहेब, कारण माझी रजा त्यांच्या टेबलावर होती. तिसरी ओळ मुलाकडच्यांसाठी. चौथी ओळ मी रिकामी ठेवली.

ती मी का रिकामी ठेवली हे उघड आहे. मुलीचा बाप मी होतो. पण आपलं नाव आपणच लिहिणं बरं दिसत नाही. कोणीतरी कागद हातात घेईल, चौथी ओळ पाहील आणि म्हणेल, "अहो, तुम्हीच बोला की!" मग मी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान्य करायचं, अशी सगळी तयारी मनात झाली होती. कोणाला अडचण पडू नये म्हणून त्या ओळीपुढे मी पेन्सिलसुद्धा ठेवली.

बायकोने कागद घेतला, चौथी ओळ पाहिली, पेन्सिल उचलली आणि आपल्या मावसबहिणीचं नाव लिहिलं.

"ती बरं बोलते," बायको म्हणाली.

मी पाचवी ओळ आखली.

मेहुण्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते विमा कार्यालयातून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून बोलत आहेत. लग्न असो, वाढदिवस असो, कोणाचं दुःखद निधन असो, मेहुणे उभे राहतात. त्यांचं भाषण एकच आहे. प्रसंग पाहून ते त्यातले चार-पाच शब्द बदलतात. 'आज आपण इथे कशासाठी जमलो आहोत' या वाक्याने ते सुरू होतं, आणि त्यांना स्वतःला त्याचं उत्तर सापडायला साधारण बारा मिनिटं लागतात. बायकोने मला स्वच्छ सांगितलं होतं, "दादा बोलला नाही तर मी हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही." दादा तीन मिनिटं बोलला तर काय, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती सतराची. शिवणाचं मशीन चालवून तिने मला वाढवलं, शिकवलं आणि पाणीपुरवठ्यात चिकटवलं. यादीची बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली ते मला ठाऊक नाही. आमच्या घरातून बातमी बाहेर जाते, पाणी मात्र वरच्या मजल्यावर चढत नाही.

"बोलणाऱ्यांची यादी केलीस म्हणे," आक्का म्हणाली.

"हो. म्हणजे कच्ची आहे."

"चांगलं केलंस. मला काय, कुणी विचारलं नाही म्हणून राग नाही. लोकांना माझी आठवण ब्लाउज बेतायच्या वेळी होते."

"आक्का, तुला माइकवर बोलायला आवडणार नाही असं मला वाटलं."

"विचारलंस का?"

"नाही."

"मग कसं वाटलं?"

तिने फोन ठेवला आणि त्यानंतर आठ दिवस उचलला नाही. आक्काचा राग असा असतो. ती भांडत नाही. फक्त तिचा फोन वाजत राहतो आणि तो वाजताना ती शेजारीच बसलेली असते हे आपल्याला माहीत असतं.

मी पाचव्या ओळीवर आक्काचं नाव लिहिलं आणि सहावी आखली.

आमच्या समोरच्या दारात एक गृहस्थ राहतात. ते परीक्षा मंडळात होते. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणतात, आणि ते नियंत्रण अजूनही ठेवून आहेत. जिन्यात कोण किती वाजता चढलं हे त्यांना पाठ असतं. मी त्यांच्याकडे सहज स्क्रू-ड्रायव्हर मागायला गेलो आणि यादीचं बोलून बसलो.

"निवड कशाच्या आधारे केलीत?" त्यांनी विचारलं.

"नात्याच्या."

कंट्रोलरनी चष्मा काढला. मी कॉपी करताना सापडलो आहे असं मला वाटलं.

"नातं हा निकष नव्हे. चाचणी घ्या. शंभर गुणांची. आशय चाळीस, उच्चार वीस, वेळेचं भान चाळीस. नापास झाला त्याला नाव गाळल्याचा राग येत नाही. तो पेपर तपासणाऱ्याला शिव्या देतो. तुम्ही सुटलात!"

हा मुद्दा मला पटला. आज विचार केला की पेपर तपासणारा माझ्याच घरात बसणार होता हे कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं.

रविवारी दुपारी चार वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत चाचणी झाली. आक्का आली नाही. बायकोच्या मावसबहिणीला सर्दी होती. ऑफिसच्या साहेबांना चाचणीला बोलावण्याचं धाडस मला झालं नाही. त्यांना अनुभवाच्या आधारे सूट दिली असं कंट्रोलरनी वहीत लिहिलं. राहिले मेहुणे. त्यांना ही चाचणी आहे हे सांगितलं नव्हतं. तालीम आहे, असं सांगितलं होतं. ते कोट घालून आले.

कंट्रोलर कोपऱ्यात वही, पेन आणि बायकोचं अंडी उकडायचं घड्याळ घेऊन बसले. मेहुणे उभे राहिले, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "आज आपण इथे कशासाठी जमलो आहोत?"

कंट्रोलरनी वहीत काहीतरी लिहिलं.

मेहुणे रंगात आले. सव्वादोन मिनिटं झाली तेव्हा ते मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर होते. मला जरा शंका आली. "ती आता आपल्यात नसेल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला, "पण तिच्या आठवणी, तिचं हसणं, तिची ती रिकामी खुर्ची..." आतून येऊन दारात उभी राहिलेली लेक स्वतःच्या आठवणी उभ्याने ऐकत होती. तेवढ्यात घड्याळ वाजलं. अंडी उकडायचं घड्याळ थांबवल्याशिवाय थांबत नाही, आणि ते थांबवायचं कसं हे कंट्रोलरना माहीत नव्हतं.

"हे काय आहे?" मेहुण्यांनी विचारलं.

"वेळ संपली," कंट्रोलर म्हणाले. "उत्तरपत्रिका... म्हणजे बसा. अठ्ठावीस."

"अठ्ठावीस काय?"

"शंभरपैकी. उच्चार चांगले आहेत. आशय दुसऱ्याच विषयाचा आहे."

मेहुण्यांनी कोटाची बटणं लावली. घड्याळ वाजतच होतं. ते दाराशी गेले, वळले आणि बायकोला म्हणाले, "अगं, माझ्यावर घड्याळ लावलं. तुझ्या घरात." मग ते गेले. बायकोने घड्याळ हातात घेतलं, एक कळ दाबून बंद केलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरात 'मीठ द्या' हा निरोपसुद्धा लेकीमार्फत जात होता.

कंट्रोलर मात्र समाधानी होते. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "फेरतपासणीसाठी अर्ज करता येईल म्हणावं."

आता मुलाकडच्यांची ओळ भरायची होती. व्याही घड्याळं दुरुस्त करतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एवढंसं दुकान आहे. तिथे उभं राहिलं की शंभरएक घड्याळं शंभर वेगवेगळ्या वेळा दाखवतात आणि आपण कुठल्याच वेळेवर पोचलेलो नाही असं वाटतं. व्याह्यांच्या एका डोळ्यावर भिंग होतं. ते काढायला सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही, त्यामुळे सगळं बोलणं दुसऱ्या डोळ्याशी झालं.

"तुमच्याकडून कोणी दोन शब्द बोलावेत अशी आमची इच्छा आहे," मी म्हणालो.

ते चिमट्याने एक इवलासा स्क्रू बसवत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्याकडून तुम्हीच बोला."

मी घरी आलो. बायको एव्हाना माझ्याशी बोलू लागली होती. ती म्हणाली, "म्हणजे ते नाराज आहेत." कंट्रोलर म्हणाले, "हा बहिष्कार आहे." लेक म्हणाली, "बाबा, त्यांना बोलायला आवडत नाही, एवढंच." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी सावधगिरी म्हणून मी मुलाकडच्यांसाठी एकाऐवजी तीन ओळी ठेवल्या. मग आपल्याकडच्याही तितक्या हव्यात असं बायकोचं म्हणणं पडलं. साहेबांनी ऑफिसात बोलावून विचारलं, "मला किती वेळ आहे?" मी तीन मिनिटं म्हणालो. ते हसले आणि रजेचा अर्ज दुसऱ्या फायलीखाली सरकवला. मी दहा म्हणालो. अर्ज वर आला. पंधरवड्यात यादी सतरा नावांवर गेली. अठरावी ओळ रिकामी होती. तिच्याकडे पाहून बायकोच्या मावसबहिणीने विचारलं, "हे आभाराचं आहे का?"

या अवस्थेत मी हॉलच्या मॅनेजरकडे गेलो. माइक कुठे ठेवायचा तेवढंच विचारायचं होतं.

"माइक कशाला?" मॅनेजर म्हणाले.

"भाषणं आहेत."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "भाषणं? किती?"

"सतरा."

"मग हा समारंभ नाही. ही सभा आहे." त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. "तुमचं बुकिंग समारंभाचं आहे. ते मी आत्ताच्या आत्ता सभेत बदलतो. परवाना कक्षातून परवानगी आणा. नाहीतर त्या दिवशी दार उघडणार नाही."

"हो पण लग्न आहे हो."

"लग्न असू दे. सभेत लग्न करायला बंदी नाही."

फॉर्म चार पानांचा होता. संघटनेचं नाव. मी 'कुटुंब' लिहिलं. सभेचा विषय. मी 'मुलगी' लिहिलं. सभेतून सरकारकडे कोणती मागणी करण्यात येणार आहे? मी 'नाही' लिहिलं. त्यापुढे खात्याकडून नीट पाणी यावं असं लिहायचा मोह झाला, पण खातं माझंच होतं. प्रक्षोभक वक्ते असल्यास त्यांची नावं. इथे मी बराच वेळ मेहुण्यांचा विचार केला.

परवाना कक्षातल्या गृहस्थांनी फॉर्म शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. ही पद्धत मी ओळखली. मी स्वतः तसाच वाचतो. एकतीस वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. अलीकडच्या लाकडी बाकावर पहिल्यांदाच बसत होतो. बाकाचा एक पाय आखूड होता. आमच्या शाखेतल्या बाकाचाही आहे. तो दुरुस्त करावा असं एकतीस वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं.

"प्रत्येक वक्त्याचे दोन फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि भाषणाचा मसुदा दोन प्रतींत," ते म्हणाले.

"मसुदा?"

"काय बोलणार ते आधी कळायला नको?"

मी सतरा जणांकडे मसुदे मागितले. साहेब म्हणाले, "तुम्हीच लिहा, मी सही करतो." बायकोच्या मावसबहिणीने मसुद्याऐवजी एक कविता पाठवली. मेहुण्यांच्या पायऱ्या मी स्वतः चढलो. अठ्ठावीस गुणांची जखम ताजी होती. त्यांनी मला उभंच ठेवलं. "माझं भाषण कागदावर मावत नाही," एवढंच ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. मुलाकडच्या तिघांनी आम्ही बोलणार आहोत हे आम्हाला आत्ताच कळतंय असं सांगितलं. आक्काच्या घरी गेलो तर ती मशीनवर होती. तिने पाय थांबवले नाहीत.

"आधी लिहून देऊ? मला काय बोलायचं ते पोरीला समोर बघितल्यावर सुचेल. आणि यादीत माझं नाव पाचवं आहे म्हणे."

"आक्का, तो क्रम मानाचा नाही."

"नसेलच," आक्का म्हणाली आणि धागा तोडला.

साहेबांसाठी मी लिहून दिलेला मसुदा सहीविना त्यांच्याच टेबलावर राहिला. शेवटी एकही मसुदा नसलेला अर्ज मी तसाच दाखल केला. माझा अनुभव असा की अपुरा अर्ज पडून राहतो, आणि पडून राहिलेल्या अर्जाला सगळे विसरतात. पण परवाना कक्षातले गृहस्थ कामसू निघाले. रिसेप्शनच्या आदल्या दिवशी सकाळी परवानगी घरी आली.

त्यात लिहिलं होतं: यादीतील वक्ते क्रमांक एक ते सतरा, कागदपत्रे अपूर्ण, नामंजूर. तथापि वक्त्याशिवाय सभेस परवानगी देता येत नसल्याने अर्जदारास वक्ता समजण्यात येत आहे. सभेत किमान एक भाषण होणे बंधनकारक राहील. न झाल्यास सभा बेकायदेशीर ठरेल. अर्जदाराने मंजूर विषय सोडून बोलू नये. बंदोबस्तास एक पोलीस कर्मचारी हजर राहील.

मी ते तीनदा वाचलं. मग खुर्चीत बसलो. सबंध महिनाभर मला जे हवं होतं ते सरकारने मला दिलं होतं, आणि आता ते मला परत करायचं होतं. कारण आता खरं सांगायला हरकत नाही: मी आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोललेलो नाही. कोणी आग्रह करेल आणि मी नको म्हणेन, इतकीच माझी तयारी होती. तिसऱ्यांदा हो म्हटल्यावर काय बोलायचं याचा मी विचारच केला नव्हता.

"मी आत्ता मॅनेजरकडे जातो," मी बायकोला म्हणालो. "सभा रद्द करून पुन्हा समारंभ करून घेतो."

"त्याला आठ दिवस लागतात. मी विचारलंय."

"मग मी आजारी पडतो."

बायको माझ्यासमोर येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी समोर बसली होती.

"तिला चार जण कशाला हवे होते असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. "एकट्या तुम्हाला बोला म्हटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी आजारी पडला असता. चौघांत तुमचं नाव सहज बसेल, असं तिचं म्हणणं. यादी करायलाही म्हणून तुम्हालाच सांगितलं. तुम्ही सतरा नावं काढलीत आणि त्यात तुमचं नाही. रोज येऊन यादी बघून जाते बिचारी."

"चौथी ओळ मी रिकामीच ठेवली होती," मी म्हणालो. "तू भरलीस."

"मला काय माहीत? मला वाटलं तुम्हाला नाव सुचत नाहीये!"

मग तिने माझा कोट इस्त्रीला काढला.

रविवारी अकरा वाजता हॉल उघडला. दोनशे माणसं आली. पहिल्या रांगेत मधोमध पोलीस बसले होते, मांडीवर परवानगीची प्रत आणि एक छापील कागद घेऊन. लोकांना ते मुलाकडचे वाटले आणि दोघातिघांनी त्यांचं अभिनंदनही केलं. मेहुणे कोट घालून मागे उभे होते. नामंजूर झाल्याचं कळल्यापासून त्यांचा राग माझ्यावरून सरकारवर गेला होता, त्यामुळे ते आले होते. आक्का खिडकीपाशी बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

पाऊण वाजता पोलिसांनी घड्याळ दाखवलं. मी माइकसमोर गेलो. माइक माझ्या कपाळाच्या उंचीवर होता. तो कोणीतरी खाली केला तेव्हा छातीशी आला. मी तसाच वाकून उभा राहिलो. समोर लेक होती. माझ्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं. एकतीस वर्षांत एकाच प्रकारची वाक्यं मी केली होती, तीच तोंडातून बाहेर पडू लागली.

"महोदय," मी म्हणालो. "विषय: माझी मुलगी. संदर्भ: काही नाही, सगळं तोंडी आहे."

लोक हसले. पोलिसांनी विषयावर खूण केली.

"वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर मुलगी गेली सव्वीस वर्षं आमच्या घरी आहे. या कालावधीत तिच्याबद्दल एकही लेखी तक्रार आलेली नाही. तोंडी तक्रारी मी स्वतः केल्या. चौकशीअंती त्यात तथ्य आढळलं नाही."

पुन्हा हसले. मला ते ऐकू येत होतं, पण लांबून.

"ती सात वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, बाबा, नळात पाणी नसतं तेव्हा ते कुठे असतं? मी म्हणालो, नंतर सांगतो. ते उत्तर अद्याप प्रलंबित आहे. असे तिचे पुष्कळ प्रश्न माझ्याकडे पडून आहेत. शाळेतले आहेत, कॉलेजातले आहेत. काही तिने पुन्हा विचारले नाहीत, पण ते माझ्याकडे आहेत. झालेल्या विलंबाबद्दल मी दिलगीर आहे."

आता कोणी हसत नव्हतं.

"आज ती जाते आहे असं काही जण म्हणतात. ते वस्तुस्थितीला धरून नाही. ही बदली नाही. तिची खोली आणि तिचं कपाट दुसऱ्या कोणाकडे वर्ग होणार नाही. जावईबापूंना विनंती, तिने काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्यावं. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं. नंतर सांगतो म्हणू नये. कळावे. आपला..."

'आपला' यापुढचा शब्द मी हजारो पत्रांखाली लिहिला असेन. तो आला नाही. मी माइकपासून बाजूला झालो.

तेवढ्यात खिडकीपाशी खुर्ची सरकली आणि आक्का उभी राहिली.

"बाई, बसा," पोलीस म्हणाले. "परवानगी एकाच भाषणाची आहे."

"भाषण कोण करतंय? मी माझ्या भावाशी बोलतेय," आक्का म्हणाली. माइकची तिला गरज नव्हती. "अरे, एवढं बोलता येत होतं तर लहानपणी गप्प का बसायचास? मला आपलं वाटायचं, मशीनच्या आवाजात मलाच तुझं ऐकू येत नाही. कित्येकदा मी मशीन थांबवून बघायची." मग ती लेकीकडे वळली. "पोरी, नांदा सौख्यभरे म्हणायला पुष्कळ जण आहेत. मी एवढंच म्हणते, काही खुपलं तर सांग. कुणी ऐकत नसेल तर मशीन थांबवून सांग." आणि ती बसली.

पोलिसांनी छापील नियम मागून-पुढून पाहिले. "घरगुती बोलण्याला हरकत दिसत नाही," ते म्हणाले.

ही एक फट मेहुण्यांना पुरेशी होती. ते बायकोच्या टेबलाशी आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, आज आपण इथे कशासाठी जमलो आहोत?" ते पावणेदोन वाजेपर्यंत आपल्या बहिणीशी बोलत होते. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून, मी लिहून दिलेलं भाषण मलाच खासगीत ऐकवत होते. कंट्रोलर टेबलांमधून फिरत होते. माझ्याजवळ येऊन हळूच "एकाहत्तर" म्हणाले आणि पुढे गेले. व्याही बऱ्याच वेळाने आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आमच्याकडूनही झालं," ते म्हणाले, आणि जेवायला गेले.

तीन वाजता पोलीस माझ्याकडे आले. छापील कागद भरायचा राहिला होता. सभा सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, घोषणा, काही नाहीत. शेवटचा रकाना होता: भाषणाचा श्रोत्यांवर झालेला परिणाम.

"इथे शांतता, गोंधळ किंवा दगडफेक लिहितो आम्ही," ते म्हणाले. "तुमचं काय लिहू?"

मागून लेक आली आणि तिने माझा दंड घट्ट धरला. तिचे डोळे सुजले होते.

"लिहा," ती म्हणाली, "मुलगी रडली."

पोलिसांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं: एक महिला रडली. किरकोळ.

मी खाली सही केली. खरं तर रडणारे दोघं होते. पण मी हरकत घेतली नाही. अर्जदाराला श्रोत्यांत धरत नाहीत.